लेखणीची पारख : जांबच्या समासापासून घडीच्या लॅपटॉपपर्यंत

दिवाळीच्या खरेदीत कपडे, भांडी आणि दुचाकी यांच्या बरोबरीने आता लॅपटॉपही आला आहे. जालन्यासारख्या शहरातल्या दुकानांतही आज 'टू-इन-वन' या नावाने ओळखले जाणारे छोटे लॅपटॉप मांडलेले दिसतात. याचा पडदा बिजागरीवर पूर्ण मागे वळतो आणि यंत्र पाटीसारखे हातात धरता येते. सोबत पेन मिळते. दिवसा त्यावर हिशेब, अर्ज, ऑनलाइन वर्ग चालतात आणि रात्री तेच यंत्र तंबूसारखे उभे करून घरचे लोक सिनेमा पाहतात. काम आणि विरंगुळा एकाच वस्तूत, असे तिचे वर्णन केले जाते. या लेखात सोयीसाठी तिला 'घडीचा लॅपटॉप' म्हणू.

अशा वस्तूची पारख कशी करायची? दुकानदार प्रोसेसर, मेमरी आणि किंमत सांगतो. ही माहिती उपयोगाची आहे, पण ती दर दोन वर्षांनी शिळी होते. लिहिण्याचे साधन निवडण्याचा प्रश्न मात्र जुना आहे, आणि मराठीत त्याचा पद्धतशीर विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. तो करणारी व्यक्ती याच जिल्ह्यात जन्मली, हा योगायोग जालनेकरांच्या फारसा लक्षात आलेला नाही. त्या जुन्या कसोट्या हाती घेऊन, बरोबर नेता येणाऱ्या लेखनसाधनांचा इतिहास तपासावा आणि शेवटी त्याच कसोट्यांवर आजचे यंत्र पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

जांबची कसोटी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्मवर्ष १६०८. त्यांच्या दासबोधाचा एकोणिसावा दशक शिकवणीचा आहे आणि त्यातला पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. भक्तीचा ग्रंथ म्हणून दासबोध वाचणारे बरेचजण हा समास भरभर ओलांडून पुढे जातात. लेखनसाधनांच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो फार मोलाचा आहे. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ म्हणजे हाताने केलेली नक्कल, आणि ती कशी करावी याच्या अगदी व्यवहारी सूचना त्यात आहेत.

त्या सूचनांतून निघणाऱ्या कसोट्या थोडक्यात अशा. पहिली, अक्षराचा आकार. तरुणपणी डोळे चांगले असतात म्हणून बारीक अक्षर काढले, तर म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. म्हणून मध्यम आकार धरावा. दुसरी, अक्षराचे वळण. ओळी सरळ, काना-मात्रा-वेलांट्या स्वच्छ, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसला पाहिजे. तिसरी, साहित्याची तयारी. देशोदेशीचे बोरू आणावेत, टाक तोडण्याची आणि रेघा आखण्याची साधने जवळ बाळगावीत, शाईचा आणि हिंगुळाचा साठा असावा. चौथी, समास. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. पाचवी, जपणूक. बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपे ही पुस्तकासाठी हवीतच.

या पाचांत साधन दिसायला कसे आहे, नवे आहे की जुने, याला स्थान नाही. वाचणाऱ्याचा डोळा, लिपी, लिहिणाऱ्याच्या हातात असलेली दुरुस्ती, टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांचाच विचार आहे. यांतली एकही कसोटी बोरूबरोबर कालबाह्य झालेली नाही, हे पुढच्या इतिहासात दिसेल.

असईच्या मैदानावर

बरोबर नेता येणारे लेखनसाधन ही मुळात प्रवासाची आणि लढाईची गरज. तिची दोन रूपे समोरासमोर आलेली जागाही जालना जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ, असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेची दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. दुसऱ्याच दिवशी वेलस्लीने असईच्या छावणीतून गव्हर्नर जनरलला, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, लढाईचा अहवाल लिहून पाठवला.

छावणीत लिहायचे म्हणजे टेबल कुठून आणायचे? त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानात यासाठी घडीची लेखनपेटी असे. महोगनी लाकडाची, पितळी कोपऱ्यांची ही पेटी बंद असताना दागिन्यांच्या डब्यासारखी दिसे. उघडली की तिच्या दोन भागांचा मिळून लिहायला उतार तयार होई. आत शाई, कलमे, कागद आणि कुलूप. एक वस्तू, दोन रूपे, ही कल्पना म्हणजे आजच्या घडीच्या लॅपटॉपची आजीच म्हणावी. अमेरिकेच्या थॉमस जेफरसनने १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा अशाच एका छोट्या पेटीवर लिहिला. तिचा आराखडा त्याचा स्वतःचा होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी ती पेटी नातीच्या घरी पाठवताना त्याने तिचे मूल्यमापनही करून ठेवले : सौंदर्याचा दावा नाही, पण साधी, नीटस, सोयीची, आणि मेजावर एका मध्यम ग्रंथापेक्षा जास्त जागा न खाणारी. चांगल्या साधनाचे इतके नेमके वर्णन आजच्या जाहिरातींतही क्वचित सापडते.

मराठी फौजेबरोबर फिरणाऱ्या फडाच्या कारकुनाला या पेटीची गरज नव्हती. जुन्या चित्रांत तो बैठकीवर बसलेला दिसतो. एक गुडघा उभा, त्यावर कागदाचा लांब बंद, हातात बोरू, शेजारी कलमदान. त्याचे मेज म्हणजे त्याची मांडी. लिपी मोडी. यादवांचा प्रधान हेमाद्री याला परंपरा तिचे श्रेय देते, आणि यादवांची देवगिरी जालन्याच्या शेजारचीच. हात न उचलता ओळ पुढे नेता यावी, हा मोडीचा गुण. शाई वाळायला चिमूटभर वाळू. लिहिलेले कागद रुमालात बांधले की दप्तर तयार, ते घोड्यावर किंवा बैलाच्या पाठीवर जाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही रुमालांनीच मोजले जातात. कागदही लांबून येत नसे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तो हाताने बनत असे.

दोन्ही साधने आपापल्या जागी चांगली होती. इंग्रजी पेटीत वस्तूची कारागिरी मोठी होती, मराठी पद्धतीत वस्तू कमी आणि हाताचे शिक्षण जास्त होते. बोरूचे टोक झिजले तर कारकून चाकूने ते पुन्हा तासून घेई. त्यासाठी त्याला कोणाकडे जावे लागत नसे. जांबची तिसरी कसोटी नेमकी हीच.

मांडीवरून मेजावर

मांडीवरचे हे लेखन मेजावर गेले ते टंकयंत्रामुळे. कचेरीतल्या पोलादी टंकयंत्राचे वजन पंधरा किलोच्या घरात. त्याला भक्कम मेज हवे, मेजाला खुर्ची हवी, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात कळांवर हवेत. लिहिण्याची बैठकच बदलली.

प्रवासी टंकयंत्रे निघाली नाहीत असे नाही. १९१२ साली अमेरिकेत 'कोरोना ३' नावाचे यंत्र आले. त्याचा कागद धरणारा गाडा पुढे दुमडून कळफलकावर झाकता येई. मग ते छोट्या पेटीत मावे आणि वजन तीन किलोच्या आत राही. पहिल्या महायुद्धात वार्ताहरांनी ते वापरले. आज बिजागरीचे जे कौतुक होते ते तेव्हाही झाले होते. पण हे यंत्र रोमन लिपीचे. सव्वीस अक्षरांची लिपी छोट्या कळफलकात सहज बसते, देवनागरीचे तसे नाही.

देवनागरी टंकयंत्राला सुमारे ४६ कळांवर, म्हणजे ९२ चिन्हांत, सगळा संसार मांडावा लागला. जोडाक्षरे तोडावी लागली, अर्धी अक्षरे वेगळी ठेवावी लागली, काना स्वतंत्र कळीवर गेला. लिपीच यंत्राच्या मापाने कापावी असा विचारही पुढे आला. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी हा त्याचाच एक भाग. 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक ज्यांनी चाळले आहेत, त्यांना 'अि', 'अी', 'अु' ही रूपे आठवत असतील. मोडी तर या शर्यतीत उतरूच शकली नाही. मुंबई सरकारने १९१७ साली कारभारात मोडीऐवजी बालबोध स्वीकारली आणि पुढच्या दोन पिढ्यांत मोडी वाचणारे दुर्मीळ झाले.

जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, औरंगाबाद जिल्ह्याचा भाग म्हणून. तिथे वरच्या कारभाराची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. खाली गावकीच्या कागदांत मोडी चालू होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा कारभार सुरू झाला. १९५५ साली गोदरेजने पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले होते. पुढची चाळीस वर्षे मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास म्हणजे नोकरीचा दरवाजा होता. मिनिटाला मराठी तीस शब्दांचे प्रमाणपत्र हाती आले की लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतही हाच खडखडाट होता.

या काळात आणखी एक बदल झाला. बोरू आणि दौत यांनी हिशेबही लिहिला जाई आणि अभंगही उतरवला जाई. काम आणि आवड यांचे साधन एकच होते. टंकयंत्र फक्त कामाचे झाले. ते घरी आले तरी त्यावर कोणी रमत नसे. विरंगुळा रेडिओकडे आणि मग टीव्हीकडे गेला. घडीच्या लॅपटॉपची 'काम आणि विरंगुळा' ही जाहिरात आपल्याला नवी वाटते ती मधल्या या शतकभराच्या फारकतीमुळे.

खैराटचे हिरवे यंत्र

संगणक मेजावरून पुन्हा मांडीवर आणण्याचे स्वप्न पहिल्यांदा नीट मांडले ते ॲलन के या संशोधकाने, १९७२ साली. त्याचे 'डायनाबुक' हे मुलांनी वहीसारखे बाळगायचे यंत्र होते, पण ते कागदावरच राहिले. शिंपल्यासारखा मिटणारा पहिला संगणक, 'ग्रिड कंपास', १९८२ साली आला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनाने चालणाऱ्या 'टॅब्लेट पीसी'साठी विंडोजची वेगळी आवृत्ती काढली. आणि २०१२ साली लेनोवोने ३६० अंश वळणारी बिजागरी बाजारात आणली. तिच्या लवचिकपणावरून त्या यंत्राला नाव दिले 'योगा'.

या ओघात महाराष्ट्राचे एक पान आहे आणि ते फारसे उघडले जात नाही. 'योगा'च्या पाच वर्षे आधी, २००७ साली, रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या विसेक मुलांच्या हाती घडीचे लॅपटॉप आले होते. निकोलस निग्रोपोंटे यांच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या संस्थेचे हे 'एक्सओ' नावाचे यंत्र. रंग हिरवा-पांढरा, वजन दीड किलोच्या आत, पडदा साडेसात इंचांचा. पडदा एका मानेवर फिरवून कळफलकावर उताणा झाकला की त्याचे पुस्तक होई.

जांबच्या कसोट्यांवर हे यंत्र थक्क करणारे होते. त्याचा पडदा भर उन्हात दिवा मालवूनही कृष्णधवल वाचता येई. कळफलक एकसंध रबराचा, धूळ-पाणी आत न जाणारा. फिरणारा पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही. साध्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडता येई आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले असत. बोरू तासून घेणाऱ्या कारकुनाला हे नक्की आवडले असते. देवनागरी कळफलकही या यंत्रासाठी तयार झाला होता.

तरीही हा प्रयोग महाराष्ट्रभर पसरला नाही. यंत्र शंभर डॉलरला मिळेल असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात २००७ च्या अखेरीस किंमत १८८ डॉलरच्या आसपास होती. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. ज्या देशात शाळांना वर्ग आणि शिक्षक कमी पडतात, तिथे हा पैसा आधी त्यांच्यावर खर्च व्हावा, असा त्यामागचा रोख होता. पुढे भारत सरकारने स्वतःचा स्वस्त मार्ग शोधला. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' टॅब्लेट आला. तो स्वस्त होता, पण त्याचा पडदा बोट जोराने दाबल्याशिवाय ऐकत नसे आणि बॅटरी फार टिकत नसे. एका प्रयोगात यंत्र चांगले आणि किंमत न झेपणारी, दुसऱ्यात किंमत झेपणारी आणि यंत्र कच्चे. दोन्हींच्या मागे मराठी मजकूर, प्रशिक्षण आणि जवळची दुरुस्ती यांची फळी पुरेशी उभी राहिली नव्हती. वस्तूची पारख वस्तूपाशी संपत नाही, हा खैराटचा धडा आहे.

रुमाल आणि फाइल

जालन्यात लॅपटॉप घरोघरी पोचण्याआधी तो गावागावांत पोचला तलाठ्याबरोबर. लाल कापडात बांधलेले दप्तर घेऊन सजाच्या गावी जाणारा तलाठी हा फडावरच्या कारकुनाचाच वारस. सात-बारा संगणकावर आला, फेरफार ऑनलाइन झाले, आणि दप्तराच्या जागी लॅपटॉप व प्रिंटर आले. तलाठी संघटनांच्या मागण्यांत यंत्राचा दर्जा आणि सर्व्हरचा वेग हे विषय वारंवार येत राहिले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, बांधावर उभे राहून, मोबाइलवर करावी अशी सोय झाली. लिहिण्याची जागा मेजावरून निघून पुन्हा शेताच्या बांधावर गेली.

या नोंदींचे मोल किती, हे जिल्ह्याने २०२३ मध्ये पाहिले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले आणि निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकाळातील कुणबी नोंदी शोधू लागली. कचेऱ्यांतले जुने गठ्ठे सुटले. कागद टिकला होता, शाईही टिकली होती, पण ती वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधावी लागली. सापडलेल्या नोंदींच्या प्रती मग संगणकावर चढवल्या गेल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, शंभर वर्षांपूर्वी एका पटवाऱ्याने मांडीवर कागद ठेवून ओढलेल्या ओळीवर आजच्या मुलाचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून राहिली, ही वस्तुस्थिती आहे.

यात आपल्यालाही एक इशारा आहे. १९९० च्या दशकात आणि नंतरही मराठी मजकूर वेगवेगळ्या फाँटांत टंकला गेला. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशी त्यांची नावे सगळ्यांना माहीत आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. मोडीला जे घडायला पन्नास वर्षे लागली, ते इथे दहा वर्षांत घडले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत युनिकोड रुळायला बराच काळ गेला. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. तेव्हा लॅपटॉप कोणताही असो, त्यावर लिहिलेले मराठी युनिकोडमध्येच राहील एवढे तरी घरातल्या लिहिणाऱ्याने पाहावे.

आजची पारख

आता दुकानातला घडीचा लॅपटॉप जांबच्या पाच कसोट्यांवर धरून पाहू.

अक्षराचा आकार. छोटे यंत्र हलके म्हणून आवडते, पण त्याचा हिशेब करून घ्यावा. पाटीसारखे उभे धरले तर पानाची रुंदी पडद्याच्या आखूड बाजूत बसवावी लागते. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद असतो. नेहमीच्या लांबट मापाच्या ११.६ इंची पडद्याची आखूड बाजू सुमारे १४.४ सेंटीमीटर, १३.३ इंचीची १६.६, आणि जरा उंच मापाच्या १४ इंचीची १८.८. म्हणजे बारा पॉइंटचे अक्षर पहिल्यावर आठ पॉइंटचे दिसेल, दुसऱ्यावर साडेनऊचे, तिसऱ्यावर पावणेअकराचे. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ किंवा सात-बारा वाचायचा असेल, आणि घरात आजोबाही तेच यंत्र वापरणार असतील, तर ११ इंची यंत्र टाळलेले बरे. रामदासांनी बारीक अक्षराबद्दल दिलेला इशारा इथे जसाच्या तसा लागू आहे.

अक्षराचे वळण. दुकानातच मराठी कळफलक सुरू करून 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कृत्य', 'ज्ञानेश्वर', 'मुळाक्षर' असे शब्द टंकून पाहावेत. मग सोबतच्या पेनाने तेच शब्द लिहावेत आणि त्यांचे छापील मराठीत रूपांतर होते का, ते त्या यंत्रावर तपासावे. पेन हा या यंत्राचा खरा वेगळेपणा आहे. टंकयंत्राने मोडलेली अक्षरे आणि हातावेगळे झालेले वळण त्यामुळे पुन्हा हाती येऊ शकते. गणित, आकृत्या, अगदी मोडीचा सरावही करता येतो. पेन वेगळे विकत घ्यावे लागते की सोबत येते, त्याला सेल लागतो की नाही, आणि टोक बदलून मिळते का, हे विचारावे.

साहित्य आणि दुरुस्ती. घडीच्या यंत्रात सर्वांत जास्त झिजते ती बिजागरी, कारण पडद्याकडे जाणारी तार तिच्यातूनच जाते. पडदा दहा-वीस वेळा पूर्ण फिरवून पाहावा. अडखळणारी किंवा सैल बिजागरी पुढे खर्चात पाडते. अनेक सडपातळ यंत्रांत मेमरी मुख्य पट्टीवरच डाकलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून लागेल तेवढी आधीच घ्यावी. बॅटरी बदलून मिळते का, आणि ती जालन्यात मिळते की छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, हा प्रश्न प्रोसेसरच्या प्रश्नाआधी विचारावा.

समास. कडा झडल्या तरी अक्षर वाचावे म्हणून सोडलेली जागा, हा समासाचा अर्थ. यंत्राच्या बाबतीत समास म्हणजे दुसरी प्रत आणि थोडी उरलेली ताकद. पन्नास वॅट-अवरची बॅटरी आणि आठ ते दहा वॅटचा वापर धरला तर पाच-सहा तास मिळतात. दोन-तीन वर्षांनी बॅटरी थकली की हा आकडा चारवर येईल. लाईट जाण्याच्या वेळा आपल्याला माहीत आहेत. आजच्या नव्हे, तीन वर्षांनंतरच्या आकड्यावर निवड करावी. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ३५ अंश दिलेले असते. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत यंत्र मंदावले तर तो बिघाड नसतो, ते त्याच्या मर्यादेबाहेर चाललेले असते. कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे हा तर समासाचा पहिला नियम.

जपणूक. मेणकापडाचे काम आता बाहेरच्या पिशवीला करावे लागते. जिनिंगच्या हंगामातली कापसाची तूस आणि उन्हाळ्यातली धूळ पंख्याच्या जाळीत बसते. गादीवर किंवा रजईवर यंत्र ठेवले की खालची जाळी बंद होते, तेव्हा नाव लॅपटॉप असले तरी खाली पाट हवाच. पडदा मागे दुमडला की कळा जमिनीकडे जातात, तिथे सतरंजी स्वच्छ हवी. आणि कुलूप म्हणजे पासवर्ड. एकच यंत्र आईच्या बँकेसाठी, बाबांच्या हिशेबासाठी आणि मुलांच्या खेळासाठी असेल, तर प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. काम आणि विरंगुळा एका पेटीत येतात तेव्हा आतला पडदा आपल्यालाच घालावा लागतो.

मग घ्यावा की नाही? ज्या घरात कोणी शिकते आहे, हाताने लिहिते आहे, आकृत्या काढते आहे, तिथे पेनाचा घडीचा लॅपटॉप जास्तीच्या पैशांचे मोल देतो. जिथे फक्त टंकायचे आणि सिनेमा पाहायचा आहे, तिथे त्याच किमतीत साधा, मोठ्या पडद्याचा, उघडून दुरुस्त करता येणारा लॅपटॉप अधिक टिकेल. सोयाबीन-कापसाच्या हंगामातून बाजूला काढलेल्या पैशांत दुसरे यंत्र लवकर येत नाही. म्हणून दुकानात पडदा फिरवून दाखवला जात असताना मराठीचा एक शब्द लिहून पाहावा, यंत्र पाच मिनिटे मांडीवर ठेवून पाहावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्यावरची एक ओळ वाचायला सांगावी.